या भाषेत अजून कुणी म्हटलेलं नाही

सेन्सॉरला आमची भाषा मी शिकवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे दुसऱ्या कुणावर ढकलायला नको. मंडळातली नवी पोरं दबक्या आवाजात म्हणतात की ते काम झाल्किंदमास्तरांचं. साफ खोटं. कल्पना त्यांची होती, पण बारा बुधवार नेमाने जाऊन धडे देणारी मी. माझी अक्कल त्या वर्षी कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

अठराशे चौऱ्याण्णवची गोष्ट. मी झारच्या राज्यातल्या विल्न्या शहरात तारघरात कामाला होते. सव्वीस वर्षांची, बिनलग्नाची आणि तोंडाने फटकळ. शहरात एस्पेरान्तो येणारी आम्ही सात माणसं. दर रविवारी जमायचो ते ओशेर झाल्किंदांच्या हातमोज्यांच्या दुकानामागच्या खोलीत. भिंतीवर लाकडी हात टांगलेले, त्यांवर कातडं ताणून बसवलेलं, आणि त्या सगळ्या हातांखाली बसून आम्ही जगाची एक भाषा व्हावी म्हणून चहा प्यायचो. मास्तरांची बायको पेशा खसखशीचा केक कापता कापता आमची हजेरी घ्यायची.

"जगाची भाषा म्हणे! सात माणसं बोलतात आणि सातही माझ्याच घरी खातात."

"आठवी तू हो की," मास्तर म्हणायचे.

"मला एक नवरा समजून घेताना चार भाषा पुरल्या नाहीत. पाचवी कशाला?"

मास्तरांना खरोखरच चार भाषा येत. घरात यिडिश, गिऱ्हाइकांशी पोलिश, हवालदाराशी रशियन आणि देवाशी हिब्रू. ते म्हणत, "प्रत्येक भाषेत माझी उंची बदलते, यूस्तिनाबाई. पोलिशमध्ये मी वाकलेला असतो. रशियनमध्ये तर थेट टेबलाखाली. या एकाच भाषेत मी माझ्याएवढा आहे." वॉर्सोच्या डॉक्टरांनी ही भाषा काढली तेव्हा पहिल्या पुस्तकाच्या शेवटी फाडून पाठवायच्या चिठ्ठ्या होत्या. त्यांवर छापलं होतं: एक कोटी लोकांनी असंच वचन दिलं, तर मीही ही भाषा शिकेन. मास्तरांनी 'एक कोटी'पासून 'तर'पर्यंत सगळं खोडलं आणि खाली लिहिलं, 'बिनशर्त.'

शिकलेल्या प्रत्येकाला एक नंबर मिळायचा आणि त्याचं नाव पत्त्यासकट एका छापील यादीत यायचं. कुणीही कुणालाही लिहावं, ओळखीची गरज नाही, हा आमचा रिवाज. मासिकात चार ओळी छापून आल्या तरी खाली नाव, नंबर, गल्ली, घर सगळं लिहायचं. आता विचार केला की अंगावर काटा येतो. झारच्या राज्यात लोक आपलं नाव लपवायला धडपडत, आणि आम्ही पोलिसांना ताट वाढून, पाट मांडून बसलो होतो. पण तेव्हा आम्हाला मनापासून वाटायचं की ही भाषा शिकलेला माणूस वाईट वागूच शकत नाही. तोवर तसा एकही भेटला नव्हता ना.

मासिक यायचं जर्मनीहून, महिन्याला एक, सोळा पानी. त्या शरद ऋतूत ते यायचं थांबलं. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. टपालखातं आमच्याच इमारतीत होतं, म्हणून मी खाली जाऊन कारकुनाला गाठलं.

"अहो, अंक येतात की," तो म्हणाला. "सेन्सॉर कचेरीत पडून आहेत. तिथे ती भाषा वाचणारं कुणी नाही."

"तीन वर्षं कोण वाचत होतं मग?"

"कुणीच नाही. जुने साहेब औषधांचं दरपत्रक समजून सोडून द्यायचे."

"आणि नव्या साहेबांना काय झालं?"

"नवे साहेब हुशार आहेत," कारकून उसासा टाकून म्हणाला.

एरवी आम्ही दोन महिने कळ काढली असती. पण मास्तरांच्या टोपीत एक कार्ड होतं. संपादकांचं कार्ड: 'तुमचा लेख मार्चच्या अंकात घेत आहोत.' मास्तर पन्नाशीचे. आठव्या वर्षापासून कातडं कापत आलेले. त्यांच्या हातचे मोजे पीटर्सबर्गच्या नाटकघरांत मिरवले असतील, पण त्यांच्या नावाचा एक शब्द कुठे छापलेला नव्हता. लेख त्यांनी आम्हाला वाचून दाखवला होता. लेख कसला, एक यादीच होती ती. अकरा वाक्यं, आणि प्रत्येकाची सुरुवात एकच.

'या भाषेत अजून कुणाला फाशीची शिक्षा वाचून दाखवलेली नाही. या भाषेत अजून कुणी कुणाच्या देवाला शिवी दिलेली नाही. या भाषेत अजून सक्तीच्या भरतीचा हुकूम निघालेला नाही. या भाषेत अजून कुणी शेजाऱ्याला, हे गाव तुझं नाही, असं म्हटलेलं नाही...' अशी ती पुढे जायची. सातवं वाक्य होतं: 'या भाषेत अजून कुणी, हे वाचायला मनाई आहे, असं लिहिलेलं नाही.'

मास्तर वाचत होते तेव्हा पेशा दारात उभी होती. तिला एक अक्षर कळत नव्हतं, तरी तिने केक कापायचा थांबवला होता.

तर मार्चच्या आत मासिक सुटायला हवं होतं. रविवारी सगळे तोंडं पाडून बसले असताना मास्तर एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "वाचता येत नाही एवढीच अडचण आहे ना त्या साहेबाची? मग शिकवा की त्याला!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. सात शहाणी माणसं, आणि एकाच्याही मनात आलं नाही की ज्या कचेरीला वाचता येत नव्हतं म्हणून तीन वर्षं आपलं निभावलं, तिलाच आपण वाचायला शिकवायला निघालो आहोत. असली चूक आमच्याच लोकांनी करावी. दुसऱ्या कुणाला सुचणारसुद्धा नाही.

मास्तरांना त्या कचेरीत द्वारपालानेच हुसकलं असतं. मी घराण्याने खानदानी, नोकरीने सरकारी, म्हणून मी गेले.

नवे साहेब, येवग्राफ साव्विच, साठीचे होते; विधुर, नीटनेटके. टेबलावर एक शाईचा रूळ ठेवलेला. परदेशी छापील मजकुरात काही खटकलं की त्यावरून तो रूळ फिरायचा. त्या काळ्या पट्ट्याला आमच्याकडे कॅव्हिअर म्हणत. पावाच्या तुकड्यावर माशाची काळी अंडी थापावीत तसा तो दिसे. त्यांचा उजवा अंगठा कायमचा काळा झाला होता.

"त्या औषधवाल्या तुम्हीच का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "औषध नाही, भाषा आहे. आणि तुम्हाला ती येत नाही."

मला वाटलं, हाकलतील. पण ते चक्क ओशाळले. "मी नऊ भाषा वाचतो, यूस्तिना काझिमिरोव्ना. साठीला पोचलो आणि सोळा पानांनी मला अडाणी ठरवलं. किती दिवस लागतील?"

"तुम्हाला? सहा आठवडे."

वाचायला चारच लागले, पुढचे बुधवार त्यांनी बोलायला शिकण्यासाठी मागून घेतले. असा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. प्रत्यय लावून शब्द कसे तयार होतात हे कळलं तेव्हा ते खुर्चीतून उठून खोलीत येरझाऱ्या घालू लागले, आणि खिडकी, खिडकीवाला, लहानशी खिडकी असं सगळ्या सामानाला लावत सुटले. तिसऱ्या बुधवारी त्यांनी वचनाची चिठ्ठी मागितली. मास्तरांनी जिथे 'बिनशर्त' लिहिलं होतं तिथे यांनी लिहिलं, 'कायद्याच्या मर्यादेत.' आम्ही त्यावर आठवडाभर हसलो.

एका धड्याच्या वेळी त्यांनी विचारलं, "मनाई आहे, हे कसं म्हणायचं?"

"शब्द आहे," मी म्हटलं, "पण आम्हाला कधी लागला नाही."

"मला लागेल," ते म्हणाले, आणि दोघंही हसलो. मी तो शब्द त्यांच्या वहीत माझ्या हाताने लिहून दिला. अक्षर चांगलं यावं म्हणून टाकही बदलून घेतला होता. हे आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

नाताळाच्या आधी अडकलेले चारही अंक सुटून आले. एका पानावर डागसुद्धा नाही. मास्तरांनी मला खांद्याला धरून गरागरा फिरवलं आणि पेशाने पहिल्यांदाच केकचा दुसरा तुकडा आपणहून पुढे केला.

जानेवारीत येवग्राफ साव्विच स्वतः दुकानात आले. हातमोजे करून घ्यायचे होते. मी मागच्या खोलीत होते, पडदा अर्धा सरकलेला. त्यांनी मास्तरांकडे न बघता रशियनमध्ये म्हटलं, "तू झाल्किंद काय? माप घे."

मास्तर वाकले नाहीत. त्यांनी आमच्या भाषेत उत्तर दिलं, "आनंदाने. हात सैल सोडा, मित्रा."

आमच्या भाषेत तू, तुम्ही, आपण असला जिना नाही. सगळ्यांना एकच शब्द. साहेब क्षणभर गडबडले. मग त्यांनी त्याच भाषेत विचारलं, "तुम्ही किती वर्षं हे काम करता?" आयुष्यात पहिल्यांदा एक सरकारी अंमलदार एका ज्यू कारागिराशी बरोबरीने बोलत होता, आणि त्यांचं त्यांनाच ते बोलणं आवडलेलं दिसत होतं. अर्धा तास गप्पा झाल्या. मास्तरांनी काळ्या अंगठ्याचं माप दोनदा घेतलं.

"यूस्तिनाबाई," ते गेल्यावर मास्तर म्हणाले, "अशी वीस माणसं तयार केलीत ना, तर सरकारची काय बिशाद आहे..."

"भिंतीलाही कान असतात," पेशा आतून ओरडली, "आणि आता त्यांना तुमची भाषाही येते!"

मार्चचा अंक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आला. सात प्रती, दोरीने बांधलेल्या. मास्तरांनी शनिवारच्या प्रार्थनेचा ठेवणीतला कोट घातला होता. त्यांनी गाठ कात्रीने न कापता हळूहळू सोडवली. आम्ही सगळे वाकून बघत होतो.

नववं पान काळं होतं. वरपासून खालपर्यंत. लेख, नाव, नंबर, पत्ता, काही नाही. मास्तरांनी दुसरी प्रत उघडली, तिसरी उघडली. सातही उघडल्या. मग त्यांनी पान उजेडासमोर धरलं, पण रूळ दोनदा फिरवलेला होता, एक अक्षरही आरपार दिसत नव्हतं.

त्याच टपालात मास्तरांच्या नावाचं एक पाकीट होतं. आत आमच्या भाषेत, सुंदर अक्षरात लिहिलेलं पत्र. मास्तरांनी ते मोठ्याने वाचलं.

'आदरणीय मित्र ओशेर झाल्किंद, तुमचा लेख मी तीनदा वाचला. तो या शहरात वाचायला मनाई आहे. पान मी स्वतः काळं केलं आहे. कृपा करून याबद्दल कुठेही विचारणा करू नका.' खाली सही नाही. आमच्या रिवाजाप्रमाणे त्यांचा यादीतला नंबर.

मास्तरांनी पत्राची घडी घातली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "छान शिकवलंत. एकही चूक नाही." ते टोमणा मारत नव्हते, आणि म्हणूनच मला ते सहन झालं नाही.

मी तशीच उठले आणि भर बर्फातून कचेरी गाठली. द्वारपालाला बाजूला सारून आत गेले. येवग्राफ साव्विच उठून उभे राहिले. मी त्यांना बसा म्हटलं नाही.

"लाज नाही वाटली?"

"बसा, यूस्तिना काझिमिरोव्ना."

"नाही बसत. बारा बुधवार मी तुम्हाला हेच करायला शिकवलं का?"

"ओरडू नका. पलीकडच्या खोलीत राजकीय पोलिसांचे एक गृहस्थ बसतात." त्यांनी दार नीट लावलं. "जोवर मला येत नव्हतं तोवर मी जुन्या साहेबांसारखं सोडून देऊ शकलो असतो. न कळलेल्या गोष्टीचा जाब कुणी विचारत नाही. आता मला कळतं. आणि मला कळतं हे त्यांना माहीत आहे. त्यांनी विचारलं, या अंकात काय आहे? फाशी, भरती, मनाई... शब्द तर त्यात होतेच."

"मग काय सांगितलंत?"

"एक पान टुकार कवितांचं आहे, ते काळं करतो, असं सांगितलं. पण ते कागद मागवून घेतात. नाव आणि पत्ता वाचता आला असता, तर तुमचे मास्तर आज घरी नसते. म्हणून रूळ दोनदा फिरवला."

मी खुर्चीत बसले. "आणि ते पत्र?"

"रशियनमध्ये लिहिलं असतं तर नोंद करावी लागली असती. या कचेरीत ती भाषा माझ्याशिवाय कुणाला येत नाही. मी विचार केला, त्यात लिहिलेलं कुणाच्या दृष्टीस पडणार नाही." त्यांनी रूळ बाजूला सरकवला. "सातवं वाक्य मी वाचलं होतं. लिहिताना माझ्या लक्षात आलं. पण दुसऱ्या शब्दांत लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि त्या भाषेत मी अजून खोटं बोललेलो नाही."

मला त्यांचा रागही येत होता आणि कीवही. दोन्ही एकदम आलं की माणूस फार केविलवाणा होतो. मी निघून आले.

मास्तर अजून टेबलाशीच बसले होते, बाकीचे गेले होते. मी सगळं सांगितलं. पेशा चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. नवरा पकडला जाता जाता वाचला हे कळल्यावर तिने तोंडाला एप्रनचं टोक लावलं आणि म्हणाली, "काही म्हणा, आजवर सरकारने यांना 'आदरणीय' कधी लिहिलं नव्हतं."

मास्तरांनी खण उघडून लेखाचं मूळ हस्तलिखित काढलं. मला वाटलं, फाडतात की काय. त्यांनी चष्मा लावला, टाक शाईत बुडवला आणि सातव्या वाक्यावर कातडं कापताना आखतात तशी सरळ रेघ ओढली.

"मास्तर, हे काय?"

"आता ते खरं राहिलं नाही," ते म्हणाले. "काल खरं होतं. आज एका माणसाने लिहिलं. आणि चांगल्या माणसाने लिहिलं, माझ्या भल्यासाठी लिहिलं, हे तर जास्तच वाईट. मला वाटायचं, भाषा कोरी आहे म्हणून ती चांगली. ती फक्त कोरी होती, यूस्तिनाबाई." त्यांनी शाई टिपली. "पण दहा अजून खरी आहेत. आणि ते हातमोजे तयार आहेत साहेबांचे. जाताना देऊन या."

मी नेऊन दिले. अंगठा नीट बसला.

पुढच्याच महिन्यात राजधानीतून हुकूम निघाला आणि ते मासिक साऱ्या साम्राज्यात बंद झालं. त्याला कारण आमचा लेख नव्हता, दुसऱ्याच कुणाचा होता. वाचक बहुतेक आमच्याच देशातले, त्यामुळे ते पुढे जगलं नाही. पण परदेशात जिथे मार्चचा अंक पान काळं न होता पोचला होता, तिथून मास्तरांच्या पत्त्यावर तीन कार्डं आली. प्लॉव्हदिवच्या एका शिंप्याने लिहिलं होतं, 'आमच्याकडेही अजून नाही.' एवढंच. ते कार्ड मास्तरांनी टोपीत ठेवलं, संपादकांच्या कार्डाशेजारी. आपला लेख छापलेला कसा दिसतो हे मात्र त्यांनी मरेपर्यंत पाहिलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. त्याहून मोठ्या गोष्टी त्यानंतर कितीतरी घडल्या, तरी वाटतं.

हस्तलिखित त्यांनी माझ्या हवाली केलं. तेव्हापासून आम्ही मंडळात एक रिवाज ठेवला आहे. वर्षाच्या पहिल्या रविवारी ती यादी वाचायची, आणि एखादं वाक्य खोटं झालं असेल तर ज्याच्या देखत झालं त्याने रेघ ओढायची. आधी ते वाक्य मोठ्याने वाचायचं, मग रेघ. सत्तावीस वर्षं, एक महायुद्ध आणि शहरावर फडकलेले सहा-सात झेंडे, एवढं होऊनही दहा वाक्यं टिकली होती. मी म्हातारी झाले, खूप माणसं शिकवली, आणि मनातल्या मनात थोडी चढलेही होते.

गेल्या हिवाळ्यात पोलंड आणि लिथुआनिया या शहरावरून भांडत होते. रस्त्यात लोक एकमेकांची टोपी बघून वाट बदलायचे. आमच्या खोलीत मात्र सगळे यायचे. एका रविवारी झेनोन नावाचा, पोलिश शाळेत शिकवणारा आमचा एक हुशार माणूस, मास्तरांच्याच बाकावर बसून, समोरच्या लिथुआनियन सुताराला आमच्या भाषेत म्हणाला, "हे गाव तुझं नाही." आवाज चढवून नाही. चहा पिता पिता.

वर्षाच्या पहिल्या रविवारी मी यादी काढली, चौथं वाक्य मोठ्याने वाचलं आणि रेघ ओढली. रेघ वाकडी आली. मास्तरांसारखी येत नाही. झेनोन मान खाली घालून बसला होता. त्याचं व्याकरण अगदी शुद्ध होतं. असणारच. त्यालाही मीच शिकवलं होतं.